कॉन्तुम, १९६९: 'सॉग' टेहळणी पथकातील दोन सैनिकांच्या १/१६ प्रमाणातील आकृती कशा घडवाव्यात

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी विशेष दलाचा सैनिक म्हटला की पहिल्यांदा फिगर घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरलेले चित्र उभे राहते: डोक्यावर हिरवी बेरे टोपी, अंगात वाघाच्या पट्ट्यांसारख्या छपाईचा 'टायगर स्ट्राइप' गणवेश, हातात आखूड रायफल आणि पायांखाली घनदाट जंगल. माझी पहिली आकृती अगदी अशीच होती आणि ती साफ चुकीची होती. बेरे ही छावणीत, समारंभात किंवा शहरात घालायची टोपी होती. शत्रूच्या मुलखात गस्तीवर निघालेला माणूस ती घालत नसे, कारण तिला ऊन अडवणारी किनार नाही आणि ती माणसाची ओळख लपवण्याऐवजी जाहीर करते. त्या आकृतीवरची प्रत्येक वस्तू अस्सल होती, फक्त त्या सगळ्या वस्तू एकाच माणसाच्या अंगावर, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी कधी आल्या नसत्या. म्हणून पुट्टीच्या डब्याला हात लावण्यापूर्वी तारीख आणि जागा ठरवावी. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

तारीख, जागा, तुकडी

या लेखासाठी मी फेब्रुवारी १९६९, मध्य पठारावरील कॉन्तुम आणि 'सॉग'चे टेहळणी पथक अशी निवड केली आहे. मिलिटरी असिस्टन्स कमांड, व्हिएतनाम – स्टडीज अँड ऑब्झर्व्हेशन्स ग्रुप असे लांबलचक आणि मुद्दाम निरुपद्रवी वाटणारे नाव असलेली ही गुप्त संघटना जानेवारी १९६४ मध्ये स्थापन झाली आणि १९७२ मध्ये बंद झाली. तिच्यातील अमेरिकी टेहळे कागदोपत्री न्हा त्रांग येथे मुख्यालय असलेल्या पाचव्या स्पेशल फोर्सेस ग्रुपचे असत. १९६९ साली तिचे तीन मुख्य तळ होते: उत्तरेला दा नांग, मध्यभागी कॉन्तुम आणि दक्षिणेला बान मे थुओत. कॉन्तुमची पथके हेलिकॉप्टरने सीमा ओलांडून लाओस आणि कंबोडियात उतरत आणि हो चि मिन्ह मार्गावरील, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या रसदमार्गावरील, वाहतुकीची टेहळणी करत.

अमेरिका तिथे अधिकृतपणे नव्हतीच, म्हणून या माणसांच्या अंगावर तुकडीचे चिन्ह, नावाची पट्टी, हुद्द्याची खूण, 'यू.एस. आर्मी' ही अक्षरे यांतले काहीही नसे. आकृतीच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, कारण बाजारातील बऱ्याच संचांत छातीवरच्या पट्ट्या कोरलेल्याच येतात आणि त्या कानशीने घासून काढाव्या लागतात. कॉन्तुमच्या पथकांना अमेरिकेतील राज्यांची नावे होती आणि त्यांचे रंगीबेरंगी बिल्लेही होते, पण ते बिल्ले सीमेपलीकडे जात नसत.

पथकात साधारणपणे दोन-तीन अमेरिकी आणि बाकीचे स्थानिक सैनिक असत. अमेरिकी प्रमुखाला 'वन-झिरो', त्याच्या दुय्यमाला 'वन-वन' आणि रेडिओवाल्याला 'वन-टू' म्हणत. कॉन्तुम भागातील स्थानिक सैनिक प्रामुख्याने सेदांग, बाह्नार, जराई अशा डोंगरी जमातींचे होते. फ्रेंचांनी या सर्व जमातींना सरसकट 'माँतान्यार' हे नाव दिले होते. पथकात बहुसंख्य हेच होते, तरी शोभेच्या कपाटांत ते जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून मी एकटा अमेरिकी न करता वन-झिरो आणि त्याच्या पुढे चालणारा माँतान्यार असे दोघे करायला सुचवतो.

माप आणि सांगाडा

१/१६ हे प्रमाण निवडण्याचे कारण साधे आहे: बक्कल, चिकटपट्टी, बुटाची भोके हे सारे या मापात हाताने करता येते आणि डोळ्यांनी दिसते. १७८ सेंमी उंचीचा माणूस इथे ११.१ सेंमी होतो, तर १६० सेंमीचा माँतान्यार बरोबर १० सेंमी. हा सेंटिमीटरभराचा फरक शेजारी उभे केल्यावर चांगलाच जाणवतो आणि तो नुसता उंचीचा नाही; खांदे अरुंद, मनगटे बारीक, मान सडपातळ. एकाच संचातील दोन धडे वापरून एकाला तपकिरी रंग दिला की माँतान्यार होत नाही.

रेझिनचा संच असल्यास सुटे भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावेत, नाहीतर साच्यातील तेलकट थरावर प्रायमर (रंगाआधीचे अस्तर) धरत नाही. रेझिन नेहमी ओले करून घासावे आणि तोंडावर मास्क असावा, कारण ती भुकटी फुप्फुसात जायला नको. वाकलेली बंदुकीची नळी गरम पाण्यात क्षणभर धरून सरळ करावी आणि लगेच गार पाण्यात बुडवावी. सांध्यांमध्ये ०.८ मिमीची पितळी तार घालून मगच सुपर ग्लू लावावा. भेगा सुपर ग्लू आणि खाण्याच्या सोड्याने झटकन भरतात, पण तो भाग दगडासारखा कडक होतो, तेव्हा पाच मिनिटांच्या आत घासून घ्यावा.

ठेवण ठरवताना एक गोष्ट स्वतः करून पाहावी. पाठीवर पंचवीस किलोची सॅक घेऊन, गुडघे किंचित वाकवून, पाय टाकण्याआधी जमीन चाचपत चालून पाहा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे सांगायला नको: ओझ्याखाली माणूस कमरेतून पुढे झुकतो आणि मान मात्र वर उचलतो. संचातील ताठ उभा सैनिक कमरेशी कापून, तारेवर थोडा पुढे झुकवून पुन्हा जोडला की अर्धे काम झाले. आतल्या भरावासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पाइप सांधायची एपॉक्सी पुट्टी चालते. कपड्याच्या घड्यांसाठी मात्र ती भरड पडते, तिथे फिगरकामाची बारीक पुट्टीच हवी.

गणवेश

वन-झिरोसाठी मी टायगर स्ट्राइप न घेता साधा जंगल गणवेश घेतो. टायगर स्ट्राइप हे अमेरिकी लष्कराचे अधिकृत कापड कधीच नव्हते. ते आशियात शिवले जाई, त्याच्या छपाईचे अनेक प्रकार होते आणि मापे स्थानिक अंगाला बेतलेली असत. म्हणूनच धिप्पाड अमेरिकी माणसाच्या अंगात ते बहुधा आखूड आणि तंग बसे. सॉगच्या अनेक टेहळ्यांनी साध्या ऑलिव्ह गणवेशावरच काळ्या स्प्रेचे वेडेवाकडे पट्टे मारून घेतले होते आणि आकृतीवर ते फार बोलके दिसते.

या सदऱ्याच्या सुरुवातीच्या नमुन्यात बटणे उघडी होती, नंतर ती पट्टीखाली गेली, आणि तिसऱ्या नमुन्यात खांद्यावरच्या पट्ट्याही काढल्या गेल्या. १९६९ साठी तिसरा नमुना योग्य. छातीचे खिसे तिरके आणि सदरा पँटच्या बाहेर. आता गंमत अशी की कमरेला पट्टा आवळला की खालचे दोन खिसे निरुपयोगी होतात, म्हणून हे लोक ते उसवून बाहीवर, दंडापाशी शिवून घेत. खिसा दंडावर आणताना जुन्या जागी शिलाईची पुसट खूण आणि किंचित गडद चौकोन ठेवावा, कारण तिथले कापड उन्हाने विटलेले नसते. खिशासाठी पुट्टीला पावडर लावून ती काचेच्या बाटलीने कागदासारखी लाटावी, अर्धवट सुकली की चौकोन कापावा आणि टोकदार सुईने टाके मारावेत.

बूट म्हणजे काळे चामडे आणि वर हिरवे कापड. आतल्या बाजूला, तळव्याच्या कमानीपाशी पाणी बाहेर जाण्यासाठी दोन धातूची भोके असतात. बहुतेक संचांत ती नसतात. ०.४ मिमीच्या ड्रिलने ती पाडावीत.

वेबिंग: क्रम चुकला की सगळे चुकले

वेबिंग म्हणजे सामान अडकवायचे पट्टे आणि पिशव्या. इथे घाई करू नये. सॉगच्या माणसाच्या अंगावर खूप सामान दिसते आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने ते बांधत असे हे खरे, पण मर्जी म्हणजे मनमानी नव्हे. प्रत्येक वस्तूच्या जागेला कारण होते: अंधारात, पालथे पडून, एका हाताने ती सापडली पाहिजे. आपण ते कारण शोधले की जागा आपोआप सापडते.

सुरुवात एम-१९५६ च्या खांदेपट्ट्यांपासून करावी. त्यासाठी शिसाची पातळ पत्री सर्वांत चांगली. ती नसेल तर रिकाम्या टूथपेस्टच्या धातूच्या नळीचा पत्रा चालतो. खरा पट्टा मोजून सोळाने भागावे आणि पट्टीने कापावे. पट्टा आधी सदऱ्यावर दाबून घडीत बसवावा, मग सुपर ग्लू. खांद्यावर सॅकचे ओझे येणार असल्याने तिथे पट्टा कापडात रुतलेला दिसला पाहिजे. त्यासाठी पट्ट्याच्या दोन्ही कडांना पुट्टीचा बारीक दोरा लावून तो सदऱ्यात मिसळावा.

कमरेला अनेकांनी दुसऱ्या महायुद्धातील जुना एम-१९३७ बीएआर (ब्राउनिंग स्वयंचलित रायफलचा) पट्टा वापरला, कारण त्याच्या सहा मोठ्या खिशांत एम-१६ रायफलची वीस गोळ्यांची मॅगझिन भरपूर मावत. काहींनी पाण्याच्या बाटलीच्या पिशव्यांमध्येही मॅगझिन भरली. खिशात मॅगझिन उलटी, म्हणजे बूड वर करून ठेवत, जेणेकरून माती आणि पाणी आत जाणार नाही, आणि उपसण्यासाठी बुडाला चिकटपट्टीचे कान लावत. एखादा खिसा उघडा दाखवून त्यातून असे दोन-तीन कान बाहेर काढले तर जाणकार माणूस तिथेच थबकतो.

डाव्या खांदेपट्टीवर सुरी मूठ खाली करून, चिकटपट्टीने घट्ट बांधलेली. उजव्या पट्टीवर होकायंत्राची छोटी पिशवी, मलमपट्टीची पिशवी, धुराचा बॉम्ब. सगळ्यांवर काळी किंवा हिरवी चिकटपट्टी, कारण खडखडाट म्हणजे मरण. बॉम्बच्या कड्या, स्लिंगच्या (बंदुकीच्या पट्ट्याच्या) कड्या, बकलांची टोके, जे जे वाजू शकते ते गुंडाळलेले असे. १/१६ मध्ये ही पट्टी मास्किंग टेपची बारीक कात्रणे काढून करावी आणि तिचे एक टोक किंचित सुटलेले ठेवावे.

आता दोर. हेलिकॉप्टरला उतरायला जागा नसेल तर वरून दोर सोडून माणसांना लटकवतच उचलत. त्यासाठी प्रत्येकाजवळ कमरेला बांधायचा दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप करणारी कडी) असे. सुमारे १२ फुटांचा, ११ मिमी जाडीचा दोर आपल्या मापात जवळपास २३ सेंमी लांब आणि ०.७ मिमी जाड होतो. पीळ असलेला शिवणाचा दोरा मेणात ओढून घ्यावा, म्हणजे त्यावरचे तंतू बसतात, मग त्याची गुंडाळी सॅकच्या बाजूला लावावी. कॅराबिनर तांब्याच्या तारेचा, खिळ्याभोवती वळवून. अखेरच्या वर्षांतील सैनिक करत असाल तर याऐवजी स्टॅबो हार्नेस येतो, ज्यात खांदेपट्ट्यांनाच मांड्यांखालून जाणारे पट्टे जोडलेले असतात. दोन्ही एकाच माणसावर नकोत.

पाठीला स्थानिक सैनिकांसाठी बनवलेली कापडी सॅक चांगली, जिची रचना शत्रूच्याच सॅकवरून घेतली होती. सॅक शेवटी चिकटवावी, रंगकाम झाल्यावर. मी एकदा आधी चिकटवली आणि पाठीवरचे पट्टे रंगवायला दंतवैद्याचा आरसा घेऊन बसलो.

वन-टूची आकृती करायची असेल तर सॅकमध्ये पीआरसी-२५ किंवा ७७ रेडिओ जातो. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच, त्यामुळे १९६९ साठी वाद नाही. रिसीव्हर खांद्याजवळ अडकवून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखवावा.

शस्त्रे

वन-झिरोच्या हाती कार-१५, म्हणजे एम-१६ ची आखूड आवृत्ती एक्सएम१७७ई२. दस्ता बाहेर ओढलेला असताना ती सुमारे ८३ सेंमी, आपल्या मापात ५.२ सेंमी. एम-१६ए१ ९९ सेंमी, म्हणजे ६.२. संचातील शस्त्र पट्टीवर ठेवून मोजावे, फरक निघतो. मॅगझिन वीस गोळ्यांचे, आखूड आणि सरळ. तीस गोळ्यांचे वाकडे मॅगझिन तेव्हा दुर्मीळ होते आणि ते लावलेली आकृती पुढच्या काळातली वाटते. स्लिंग म्हणून कापडी पट्टा किंवा त्रिकोणी बँडेज, नळीच्या तोंडावर पाणी आणि माती जाऊ नये म्हणून चिकटपट्टी.

माँतान्यारकडे एम-७९, म्हणजे ग्रेनेड फेकणारी एकनळी बंदूक, द्यावी. अख्खी एम-७९ आपल्या मापात साडेचार सेंमीच्या जरा वर भरते. पथकांत तिचा दस्ता आणि नळी कापून पिस्तुलासारखी केलेलीही वापरत. तो पथकाच्या अगदी आघाडीवरचा माणूस दाखवायचा असेल तर त्याच्या हातात एके-४७ आणि अंगावर शत्रूसारखा पेहराव अधिक योग्य, कारण समोरून अचानक आलेला शत्रू क्षणभर गोंधळावा हाच हेतू असे.

रंगवताना कार-१५ शुद्ध काळी करू नये. वरचा आणि खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, काळसर करडा; नळी पोलादी, जरा गडद; दस्ता आणि हातधर यांचा काळा वेगळा, किंचित चकाकणारा. कडांवर जिथे हात लागतो तिथे पांढुरकी चमक येते, पण ती पेन्सिलच्या टोकाने दोन-तीन जागीच द्यावी.

हिरव्याचे सहा प्रकार

खरी कसोटी इथे आहे. एका माणसाच्या अंगावर निदान सहा हिरवे असतात आणि ते एकसारखे झाले की आकृती खेळण्यासारखी दिसते. नवा गणवेश गडद ऑलिव्ह, चार धुलाईंनंतर करडसर. जुने सुती वेबिंग उन्हाने विटून पिवळट राखाडी. नव्या नायलॉनच्या बाटलीचे आवरण तसे विटत नाही, ते गडद आणि थंड हिरवे राहते. चिकटपट्टीला हलकी चकाकी. बॉम्बचा रंग सपाट. बुटाचे कापड मातीने लाल झालेले.

प्रायमर गडद करडा द्यावा, मग वरून तिरक्या कोनातून पांढऱ्याचा हलका फवारा, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळते. गणवेशाला ऑलिव्हमध्ये थोडा गेरूसारखा पिवळा आणि चिमूटभर पांढरा मिसळून पातळ थर द्यावेत, तीन तरी. सावलीत काळा घालू नये. त्याऐवजी गडद तपकिरी किंवा निळसर. काळे स्प्रेचे पट्टे शेवटी, स्पंजच्या तुकड्याने कडा धूसर ठेवून. ब्रशने काढलेली धारदार रेघ स्प्रेसारखी दिसत नाही. पट्टा खिशाच्या शिलाईवरून तुटत नाही, कारण स्प्रे शिवलेल्या कपड्यावर मारलेला आहे.

माँतान्यारच्या टायगर स्ट्राइपचे नेमके उलटे: ते छापील कापड आहे, म्हणून शिलाईपाशी पट्टे तुटतात आणि जुळत नाहीत. आधी फिकट खाकी-हिरवा, त्यावर तपकिरी आणि मध्यम हिरव्या आडव्या लहरी, आणि सर्वांत वर काळे पट्टे, टोकांना निमुळते होत जाणारे. खऱ्या कापडावर बोटभर जाडीचा पट्टा १/१६ मध्ये मिलिमीटरभर येतो; याहून बारीक काढले की लांबून सगळे राखाडी दिसते. बाही वेगळी, छातीचा डावा भाग वेगळा, उजवा वेगळा, असे एक-एक तुकडा करून रंगवावे.

मॅट वार्निशबद्दल सावधगिरीचा एक शब्द. मुंबईत जुलै महिन्यात, खिडकी उघडी ठेवून मी एकदा स्प्रेचा डबा वापरला आणि महिनाभराच्या कामावर पांढरी बुरशी आल्यासारखे धुके बसले. पावसाळ्यात ब्रशने लावायचे वार्निश वापरावे किंवा कोरडा दिवस पाहावा.

चेहरा

डोळ्यांचे पांढरे पांढऱ्या रंगाने रंगवू नयेत. मळकट हस्तिदंती पुरे. जंगलात माणूस डोळे बारीक करून पाहतो, त्यामुळे बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली जातो. चेहऱ्यावरचे छद्मरंग हिरवे आणि मातकट, पण घामाने कपाळावर आणि ओठांभोवती उतरलेले. मानेवर आणि गळ्यापाशी अर्धचमक वार्निशचा एक हात दिला की घाम दिसतो. माँतान्यारची त्वचा रंगवताना आपण भारतीयांनी परदेशी 'फ्लेश' रंगाच्या बाटल्यांवर अवलंबून राहू नये. दिव्याखाली स्वतःचा हात धरून पाहावा आणि त्यातला पिवळा, तांबूस, जांभळट ओळखून मिसळावा, मग संदर्भचित्राशी ताडून घ्यावा.

तळ

मध्य पठारावरची माती लोहयुक्त, तांबडी आणि चिकट आहे आणि फेब्रुवारी हा कोरड्या हंगामाचा महिना असल्याने ती धूळ होऊन सर्वत्र बसते. इथे आपल्याला घरचा फायदा आहे: कोकणातली जांभ्याची माती रंगाने तिच्या फार जवळ जाते. ती तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यावी, म्हणजे ओल आणि किडे जातात, मग खलात कुटून मलमलीच्या कापडातून चाळावी. पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकात ती मिसळली की गडद होते आणि वाळल्यावरही पूर्ण मूळ रंगावर येत नाही, म्हणून वरून कोरडी चाळलेली माती पुन्हा भुरभुरावी.

झाडी थोडीच ठेवावी. गवताच्या वाळलेल्या काड्यांचे दोन-तीन बांबू, कागदाची कापलेली लांबट पाने, खाली चुरलेली कोरडी पाने. तळ आठ सेंमी रुंद असेल तर दोघांमध्ये चार-पाच सेंमी अंतर ठेवावे. खऱ्या गस्तीत ते बरेच जास्त असे, पण इथे तेवढी मोकळीक घ्यावी लागते. माँतान्यार थांबलेला, एक हात मागे करून मूठ वळलेली, आणि वन-झिरोचा पाय हवेत अर्धवट अडकलेला, अशी ठेवण केली तर दोघांना जोडणारी गोष्ट तयार होते.

बुटांतून खाली आलेल्या तारा तळाच्या भोकांत घालून एपॉक्सीने बसवाव्यात. त्यानंतर तीच चाळलेली माती मऊ ब्रशने बुटांवर, पँटच्या खालच्या टोकाला, गुडघ्यांवर आणि सॅकच्या बुडाला लावावी, कारण विश्रांतीला सॅक तिथेच टेकते. खांद्यांवर आणि टोपीवर मात्र लाल धूळ जवळजवळ नको. तिथे घामाचे वाळलेले, पांढुरके मिठाचे वळ, फिकट करड्याच्या अगदी पातळ वॉशने, पट्ट्यांच्या कडेकडेने.